हौसाबाईची बॅटरी

मंडळी, ऐका. आज एकच प्रश्न घेऊन उभा राहिलोय, आणि तो फार सोपा दिसतो म्हणूनच मला त्याची धास्ती वाटते. आपल्या माणसाची अडचण झाली, तर आपण काय करायचं? तुम्ही म्हणाल, बुवा, हा काय प्रश्न झाला? मदत करायची. बरोबर. पण कशी? त्याचा हात धरून त्याला न्यायचं, की त्याच्या हातात काहीतरी देऊन आपण बाजूला व्हायचं? थांबा, उत्तर देऊ नका. पहिल्या रांगेतल्या गुरुजींनी तोंड उघडलंय, त्यांनाही विनंती, थोडा दम धरा. तुमचं उत्तर तयार आहे ना? केरबाण्णाचंही तयार होतं. त्याचीच गोष्ट आज सांगतो.

कृष्णाकाठचं एक तालुक्याचं गाव. नाव सांगत नाही, कारण ती माणसं अजून तिथंच राहतात आणि मला त्या गावात पुन्हा कीर्तनाला जायचंय. त्या गावात एक टॉकीज होतं. आता नाही, आता तिथं लग्नाचा हॉल झालाय. या टॉकीजमध्ये केरबा भिसे नावाचा माणूस अडतीस वर्षं डोअरकीपर होता. तुमच्यातल्या तरुण पोरांना डोअरकीपर म्हणजे काय ते सांगायला हवं. दारात उभा राहून तिकीट फाडायचं, अर्धं आपल्याकडं ठेवायचं, अर्धं गिऱ्हाइकाला द्यायचं, आणि आत अंधारात बॅटरीच्या उजेडानं त्याला खुर्चीपर्यंत पोचवायचं. टॉर्चला आमच्याकडं बॅटरीच म्हणतात, हे ध्यानात असू द्या.

आता यात काय विशेष, असं वाटेल. पण केरबाण्णाचं काम बघायला हवं होतं. तो पुढं चालायचा आणि बॅटरी पाठीमागं धरायचा, खाली, जमिनीकडं. म्हणजे मागून येणाऱ्या माणसाला स्वतःची पावलं दिसायची, पायरी दिसायची, आणि सिनेमा बघणाऱ्याच्या डोळ्यावर एक किरण जायचा नाही. काचेवर दोन बोटं आडवी. लागेल तेवढाच उजेड बोटांच्या फटीतून सोडायचा. अडतीस वर्षांत त्या टॉकीजमध्ये कुणी पायरीवर ठेचाळलं नाही. गाव त्याला मानायचं.

घरी बायको, हौसाबाई. मुलगी लग्न होऊन कराडला. दोघंच. हौसाबाईला भजनाचं भारी वेड. राममंदिरात संध्याकाळी कीर्तन असलं की ही सगळ्यांच्या आधी हजर, आणि टाळ असा धरायची की पेटीवाला हिच्याकडं बघून लय सांभाळायचा. आमचे पेटीवाले हसतायत. हसा, तुम्हाला अशी बाई मिळाली असती तर तुमचीही लय सुधारली असती.

तर टॉकीज बंद झालं आणि केरबाण्णा घरी बसला. घरी बसल्यावर माणसाला घरातलं दिसायला लागतं. त्याला दिसलं की हौसाबाई संध्याकाळी कुठंच जात नाही. कीर्तनाला नाही, हळदीकुंकवाला नाही, शेजारच्या बारशालासुद्धा नाही. विचारलं तर म्हणायची,

"गुडघं दुकत्यात."

केरबाण्णाला खरं वाटलं. महिना गेला, दोन गेले. मग एका दुपारी बघतो, तर बाईसाहेब शिडी लावून माळ्यावर चढलेल्या, कुरडयांचा डबा काढायला. चढल्या, उतरल्या, गुडघ्याला हात लावला नाही. त्याच्या मनात पाल चुकचुकली.

त्याच आठवड्यातली गोष्ट. दिवेलागणीची वेळ. अजून घरात दिवा लावला नव्हता. शेजारची मंगल वाटीभर खीर घेऊन दारात आली. म्हणाली, "काकी, घ्या." हौसाबाईनं हात पुढं केला. आणि मंडळी, तो हात वाटीच्या शेजारून गेला. बोटभर नाही, चांगला वीतभर बाजूनं. मग तिनं हवेत चाचपलं, हसली, आणि वाटी हाताला लागल्यावर म्हणाली, "अगं, बोलता बोलता ध्यानच न्हाई."

मंगल निघून गेली. तिला काही कळलं नाही. पण केरबाण्णा खाटेवर बसून बघत होता. तो हात त्यानं ओळखला. दुपारच्या खेळाला लोक उन्हातून आत यायचे, एकदम अंधार, आणि मग खुर्ची शोधायला असाच हात पुढं करायचे. तोच हात, तीच बोटं. हजारो वेळा बघितलेला. फरक एवढाच, की ती माणसं दोन मिनिटांनी सरावायची.

त्यानं दिवा लावला आणि तिच्यापुढं बसला.

"हौसा, तुला दिसंना व्हय?"

ती खीर ढवळत राहिली. मग म्हणाली, "दिवसा समदं दिसतंय. दिस कलला की जातंय."

"कवापासनं?"

"दोन वरीस झालं."

"मला का सांगितलं न्हाईस?"

"तुमी कामावर असायचा. रात्री येऊन आडवं पडायचा. काय सांगायचं?"

मग हळूहळू सगळं निघालं. दोन वर्षांमागं एका लग्नाला गेली होती, संध्याकाळची वेळ, मैदानात मांडव. रिकामी खुर्ची समजून ही बसली, ती नवरदेवाच्या मामाच्या मांडीवर. बायका हसल्या. कुणीतरी म्हणालं, काकींनी आज भांग घेतलीय. हौसाबाई त्यांच्याबरोबर हसली. घरापर्यंत हसत आली. आणि त्या दिवसापासून दिवस मावळल्यावर तिनं उंबरा ओलांडला नाही.

तुम्ही आत्ता हसलात, मी बघितलं. मीही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलो होतो.

दुसऱ्या दिवशी केरबाण्णा तिला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडं गेला. त्यांनी तपासलं आणि सरळ सांगितलं. डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. चष्म्यानं जायचा नाही, थेंबांनी जायचा नाही. दिवसाची नजर सांभाळू, तपासणीला येत राहा. आणि अंधार पडल्यावर बाहेर पडायचं असेल तर चांगला प्रखर उजेड जवळ पाहिजे.

चांगला उजेड! केरबाण्णाची छाती फुगली. जगात दुसरं कुठलंही औषध सांगितलं असतं तर तो घाबरला असता. हे तर त्याचं खातं.

त्या संध्याकाळी त्यानं तिचा हात धरला आणि कीर्तनाला घेऊन निघाला. कोपऱ्यापर्यंत गेले असतील. हौसाबाईनं हात सोडवून घेतला.

"शेळी बाजाराला नेल्यागत वडू नका. लोक बगत्यात."

बरं, हात नको. मग तो पुढं आणि ही मागं. टॉकीजची जुनी तीन सेलची लांब बॅटरी पाठीमागं धरून. पण ती म्हातारी बॅटरी, पिवळट उजेड, हौसाबाईला त्यात रस्ता नुसता धुरासारखा दिसायचा. केरबाण्णा म्हणाला, नवी आणू. आणि गेला एकटाच, बाजारपेठेत, रफीक बागवानाच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात.

हा रफीक कोण? लहानपणी याला केरबाण्णानं टॉकीजमधून कान धरून बाहेर काढलेलं. बिनतिकिटाचा पडद्याच्या मागून शिरला होता. त्यामुळं दोघांची ओळख पक्की. त्यानं खुर्ची दिली, चहा सांगितला आणि काचेच्या कपाटातून एक काळी चकचकीत बॅटरी काढली.

"अण्णा, ही बघा. टॅक्टिकल. पोलीस, लष्करवाले असली वापरतात. पाण्यात पडू द्या, वरून पडू द्या, काय होत नाही. तोंडाला दाते आहेत, वेळ पडली तर हाणताही येते. आणि उजेड तर..."

रफीकनं बटण दाबलं. भर दुपारी समोरच्या बँकेच्या भिंतीवर चांदणं पडलं. केरबाण्णानं अडतीस वर्षं पिवळट उजेडात काढली होती. त्याचे डोळे भरून आले म्हणा ना. घेतली. किंमत विचारू नका, ती माझ्या आख्यानात बसत नाही.

संध्याकाळी निघाले. केरबाण्णा पुढं, हातात नवी बॅटरी. गल्लीत लख्ख उजेड. समोरून सायकलवाला येत होता, त्यानं डोळ्यावर हात घेतला आणि सायकल गटारात घातली. कट्ट्यावरची माणसं उठून उभी राहिली, गाडी आली असं वाटून. काचेवर दोन बोटं आडवी धरावीत, तर बोटं तांबडी दिसायची आणि उजेड तसाच. मंदिराच्या दारात पोचले, आणि आत बसलेल्या सगळ्या बायकांनी एकदम वळून बघितलं. कोण आलं एवढ्या थाटात? हौसाबाई आली. नवरा उजेड पाडतोय आणि ही मागून येतेय.

हौसाबाई दारातूनच परत फिरली.

घरी आल्यावर केरबाण्णा म्हणाला, "आता काय झालं? रस्ता दिसत हुता का न्हाई?"

"दिसत हुता."

"मग?"

तिनं बॅटरी त्याच्या हातातून घेतली. "मी एकटी निगाले तर ही कशी लावायची? दावा."

त्यानं दाखवलं. एकदा दाबलं की मंद, दुसऱ्यांदा दाबलं की प्रखर, तिसऱ्यांदा लुकलुक. हौसाबाईचा अंगठा संधिवातानं आखडलेला. तिनं दाबलं, नीट दाबलं गेलं नाही, पुन्हा दाबलं, आणि बॅटरी ॲम्ब्युलन्ससारखी लुकलुकायला लागली. केरबाण्णाला हसू आलं. तिला आलं नाही.

तिनं बॅटरी टेबलावर ठेवली आणि शांतपणे विचारलं, "ही माज्यासाटी आणली, का तुमच्यासाटी?"

"म्हंजी?"

"तुमची नोकरी सुटली. हात रिकामा झाला. आता मला गिऱ्हाईक केलंय. मला कुटं जायचं आसंल तर तुमी मोकळं पायजे. वाटेत मंगलच्या दारात थांबायचं आसंल तर तुमास्नी सांगाया पायजे. हिकडनं या, हितं बसा. मी काय तिकीट काडलंय व्हय?"

मंडळी, पुढचं केरबाण्णाच्या तोंडून ऐका. त्यानं मला स्वतः सांगितलं. म्हणाला, बुवा, मला राग आला. एवढं करतोय हिच्यासाठी, आणि ही असं बोलते. रात्रभर राग होता. सकाळी चूळ भरताना ध्यानात आलं, की तिला काय पाहिजे हे मी अजून विचारलेलंच नाही. डॉक्टरीणबाईंना विचारलं, रफीकला विचारलं. हिला सोडून सगळ्यांना विचारलं.

चहा झाल्यावर तो म्हणाला, "हौसा, चल दुकानात. तूच निवड."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"दिसतंय का न्हाई हे तुलाच कळतंय. बाकीचं रफीक सांगंल."

दुपारी दोघं गेले. रफीक म्हणाला, "दुकानात उजेड आहे मावशी, इथं कळायचं नाही. मागं गोडाऊनमध्ये चला." लांबलचक खोली. त्यानं शटर खाली ओढलं आणि दुपारीच अंधार झाला. खाली वायरची भेंडोळी, प्लास्टिकच्या बादल्या, पंख्यांची खोकी, मधून जेमतेम माणूस जाईल एवढी वाट. रफीकनं एका खोक्यावर सहा बॅटऱ्या मांडल्या आणि एकेक तिच्या हातात देत गेला.

पहिली. लांब झोत, पण अरुंद. हौसाबाईनं बघितलं आणि म्हणाली, "ह्यात बादलीचा कान दिसतोय. बादली दिसंना."

रफीकनं ती परत घेतली. वीस वर्षं बॅटऱ्या विकतोय, पण असं कुणी सांगितलं नव्हतं. लोक यायचे आणि किती लांब जाते एवढंच विचारायचे.

दुसरीचा उजेड पसरट, पण फिका. बाजूला ठेवली. तिसरी हातात घेतली आणि लावायच्या आधीच परत दिली. "हा वरवंटा हाय. ही घिऊन मी टाळ कुटं धरू?" चौथीचं बटण शेपटाला, आत दबलेलं, अंगठा पोचेना. केरबाण्णा मदतीला हात पुढं करायचा आणि मागं घ्यायचा. त्याचा हात त्या दुपारी किती वेळा पुढं गेला आणि मागं आला ते रफीकनं मोजलं नाही, पण मला सांगताना तो हसत होता.

पाचवी. बोटभर लांबीची. मुठीत घेतली तर मुठीत मावली. बटण अंगावर, वर उचललेलं, मोठं. एकदा दाबलं की थेट पूर्ण उजेड, दाबून धरलं की मंद. लुकलुक नाहीच. मोबाइलच्या वायरीवर चार्ज होणारी. हौसाबाईनं बटण दाबलं आणि गोडाऊनची जमीन या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत उजळली. पांढरा, पसरलेला उजेड. बादल्या, वायरी, खोकी, सगळं आपापल्या जागी.

ती तशीच चालायला लागली.

वाट नागमोडी होती. मध्ये वायरचं भेंडोळं आडवं. केरबाण्णा म्हणाला, "डावी..." आणि रफीकनं त्याची बाही घट्ट धरली. केरबाण्णानं शब्द गिळला. ती भेंडोळ्यापाशी थांबली. उजेड डावीकडं नेला, उजवीकडं नेला, पाऊल उचललं आणि पलीकडं ठेवलं. शेवटच्या भिंतीपर्यंत गेली. भिंतीला हात लावला. तिथं पाठमोरी जरा वेळ उभी राहिली. दोन वर्षांत अंधारात ती एकटी इतकी लांब गेली नव्हती, मंडळी. पंधरा पावलांची खोली ती.

परत आली तेव्हा चेहरा मोकळा झाला होता. रफीक म्हणाला, "मावशी, हीपण टॅक्टिकलच बरं का. लहान आहे, पण उजेडाला कमी नाही. चोर आला तर डोळ्यावर मारा, आंधळा होईल."

हौसाबाई म्हणाली, "नगं बाबा. आंधळ्याचं हाल मला म्हाईत हायत. चोर आला तर त्येला दार कुटं हाय त्ये दावीन." बॅटरी कमरेला खोचली आणि केरबाण्णाकडं बघून म्हणाली, "ही घ्या. माजी."

मोठी बॅटरी रफीकनं परत घेतली. कुरकुर केली नाही. कान धरल्याची परतफेड म्हणाला.

आता त्या संध्याकाळचं ऐका. राममंदिरात कीर्तन, आणि कीर्तन माझंच होतं, म्हणून मला माहीत. गल्लीत नळाच्या पाइपसाठी त्याच दिवशी रस्ता खणलेला. चर चांगला कमरेएवढा खोल, वरून फळ्या टाकलेल्या. रस्त्यावरचे दिवे त्या कामापायी बंद. हौसाबाईनं साडी बदलली, टाळ पिशवीत घातले, बॅटरी हातात घेतली आणि नवऱ्याला म्हणाली,

"तुमी मागनं या. लांबनं. आन् तुमची बॅटरी घरी ठेवा."

"फळ्या हायत तितं."

"म्हाईत हाय. मंगलनं सांगितलंय."

केरबाण्णानं ऐकलं. वीसेक पावलं मागं राहून निघाला. आयुष्यभर जो माणूस पुढं चालला, तो मागं. त्याला ती दिसत नव्हती, तिच्या पुढ्यातला उजेडाचा तुकडा तेवढा दिसत होता, रस्त्यावरून सरकत जाणारा. मंगलच्या दारात तो तुकडा थांबला. दोघी काहीतरी बोलल्या, हसल्या. तो पुन्हा चालायला लागला.

चरापाशी उजेड थांबला. बराच वेळ हलेना. केरबाण्णा म्हणाला, बुवा, धावत जावं असं पायांना वाटत होतं. हाक मारावी तर ती दचकेल. मी तिथंच एका खांबाला धरून उभा राहिलो.

उजेड फळीवर गेला. या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला. मग तिची पावलं उजेडात आली, एक, दुसरं, तिसरं. आणि ती पलीकडं पोचली.

केरबाण्णानं श्वास सोडला. पण उजेड पुढं जाईना. ती पलीकडंच उभी. याला वाटलं, पाय मुरगळला की काय. तो घाईनं चराच्या काठाशी आला, आणि अंधारात त्याला फळी सापडेना. काठावर पायानं चाचपायला लागला.

एवढ्यात समोरून फळीवर उजेड पडला. खाली, बरोबर त्याच्या पायांपाशी. डोळ्यात एक किरण नाही.

"मदली फळी हालतीया," हौसाबाई म्हणाली. "डाव्या अंगानं या. सावकाश."

तो गेला. उजेड त्याच्या पावलाच्या पुढं एक वीत सरकत राहिला, तो पलीकडं पोचेपर्यंत.

मी नंतर त्याला विचारलं, केरबाण्णा, कसं वाटलं? तो विचार करून म्हणाला, "आदी जरा लाज वाटली. मग लई बरं वाटलं. अडतीस वर्सं मी लोकांच्या पायापाशी उजेड धरला, बुवा. माज्या पायापाशी कुणी धरला नव्हता." आणि पुढं म्हणाला, "ती लाज तिला दोन वर्सं वाटत आसंल."

मग दोघं मंदिरात आले. हौसाबाई बायकांच्या बाजूला तिच्या जुन्या जागी जाऊन बसली. कुणी वळून बघितलं नाही. तिनं टाळ काढले, आणि दुसऱ्याच ओळीला तिथले पेटीवाले ताठ बसले.

आता तुम्ही. मघाशी विचारलं होतं, हात धरायचा की हातात काही द्यायचं? मला वाटतं, मंडळी, हे आपण ठरवायचंच नाही. ज्याची अडचण आहे त्याला विचारायचं. आणि विचारताना उत्तर खिशात घेऊन जायचं नाही. केरबाण्णासारखा भला माणूस दोनदा चुकला. आपण तर त्याच्या निम्म्यानंही भले नाही. तुमच्या घरातलं कोण आज इथं आलेलं नाही? नाही का येत, ते तुम्ही त्याच्या तोंडून ऐकलंय, की तुम्हीच ठरवलंय?

दुसऱ्याला विचारतोय तर स्वतःचंही सांगतो. माझी आई तीन वर्षं माझ्या कीर्तनाला आलेली नाही. मी सगळ्यांना सांगत आलो, वय झालं, प्रवास झेपत नाही. केरबाण्णाची हकिगत कळल्यावर मी तिला फोन केला. आई, तू का येत नाहीस? ती म्हणाली, "अरे, तू बोलतोस ते मला मागं बसून ऐकू येत नाही. लोक हसले की मी हसते. त्याचा कंटाळा आला."

मी म्हणालो, मोठ्यानं बोलू का? मोठा स्पीकर लावायला सांगू? कानाचं मशीन आणू? बघा, लगेच सुरू झालो. ती म्हणाली, "काही आणू नकोस. मला तुझे ओठ दिसतील अशी जागा ठेव."

ही समोरची सतरंजीची घडी बघताय ना, जिथं मी आज कुणाला बसू दिलं नाही? उद्या दुपारच्या एसटीनं ती येतेय. उद्या मी जरा सावकाश बोलेन. तुम्ही सांभाळून घ्या.

चला, आता रामाचं नाव घेऊ. पण बेतानं घ्या, शेजारचा कसा म्हणतोय तेही कानावर पडू द्या.